जिन्यातलं जुनं कॅलेंडर

मेहकरात नजमा आपांचा दवाखाना माडीवर होता आणि ही गोष्ट गावाला शेवटपर्यंत पटली नाही. छातीत दुखतं म्हणून आलेल्या माणसाला उभा जिना चढायला लावणारी डॉक्टर एक तर बेफिकीर असली पाहिजे नाही तर निर्दय, असं लोक जिन्याच्या पायथ्याशी बोलत आणि वर पोचेपर्यंत त्यांचं बोलणं बंद होई. खालची जागाही आपांचीच होती. ती त्यांनी एका सायकल दुरुस्तीवाल्याला दिली होती. ज्याला खरोखर चढवत नसे त्याच्यासाठी आपा स्वतः खाली येत आणि पंक्चर काढायच्या बाकड्यावर बसवून त्याला तपासत. बाकीच्यांनी वर यायचं. आपा वरच्या पायरीवर कठड्याला टेकून, मुठीत खारे दाणे घेऊन, येणाऱ्याकडे बघत उभ्या असत. पेशंट वर पोचेपर्यंत त्यांची निम्मी तपासणी उरकलेली असे.

जिना मध्यावर वळतो तिथे एक कॅलेंडर टांगलेलं होतं. कुठल्याशा कापूस जिनिंगच्या कारखान्याचं, वर बैलजोडीचं चित्र, आणि कित्येक वर्षांपूर्वीचं. मी समोरच्या घरात राहायचो आणि कॉलेजात इतिहास शिकवायचो, त्यामुळे जुनं कॅलेंडर दिसलं की थांबून वाचणं हा माझा धंदाच. पहिल्यांदा वर गेलो तर आपांनी नाव विचारायच्या आधी विचारलं,

"सर, कॅलेंडर पाहून राह्यले होते का धाप लागली होती?"

"पाहत होतो. जुनं आहे ते."

"जुनंच ठेवलं हाय. नवं असलं तर कोणीबी पाह्यते, तिथी पाह्यते, बाजाराचा वार पाह्यते. मेलेलं कॅलेंडर वाचाले जो थांबला तो वाचून नाई राह्यला, नुसता थांबला हाय."

आमच्याकडच्या पुरुषाला छातीत कळ आली तर तो तोंडानं सांगत नाही. तो थांबतो आणि काहीतरी बघितल्याचं सोंग करतो. कळ ओसरली की पुढे चालतो, आणि घरी विचारलं तर म्हणतो, गॅस आहे. हे आपांना पुस्तकांपेक्षा जास्त त्या वळणानं शिकवलं होतं. पुस्तकंही त्यांनी कमी वाचली नव्हती. मुंबईत एम. डी. करून त्या परत आल्या, तेव्हा गावानं मोठा सत्कार करायचा बेत केला होता. आपांनी विचारलं, किती खर्च येईल, आणि तेवढ्या पैशात सरकारी दवाखान्याला खुर्च्या घ्या म्हणाल्या. सत्कारही झाला नाही आणि खुर्च्याही आल्या नाहीत.

वर गेल्यावर दुसरी परीक्षा. "कुठी दुखते?" एवढंच विचारायचं आणि पेशंटच्या हाताकडे बघायचं. एका बोटानं नेमकी जागा दाखवणाऱ्याला त्या जरा हसून बसवत. अख्खी मूठ छातीच्या मधोमध ठेवणाऱ्याकडे बघताना त्यांचं दाणे खाणं थांबे. मी बोट ठेवलं होतं. "सर, हे हृदय नाई. हे स्टँडवरचे भजे हायेत," असा निकाल मिळाला आणि दोन दिवसांत तो खरा ठरला.

पण आपली ही बोट-मुठीची विद्या अचूक आहे असं त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. एका कंडक्टरनं बोटानं दाखवलं होतं. आपांनी त्याला स्नायूचं दुखणं सांगून घरी पाठवलं आणि तो दुसऱ्या आठवड्यात गेला. हे त्या अनोळखी पेशंटलाही सांगत. "माह्यं चुकते. मशीनचंबी चुकते. फरक एवढाच का मी चुकले तर लोक दगड घेऊन येते, मशीन चुकलं तर पेढे घेऊन." त्या यंत्रांच्या विरोधात नव्हत्या. गरज दिसली तर शहरात स्वतः फोन करून पेशंटचा नंबर लावत, जायला टाळाटाळ करणाऱ्याच्या बायकोला बोलावून त्याच्यासमोर त्याची लाज काढत. चिडत त्या एकाच गोष्टीवर: यंत्राला काय विचारायचं हे ठरवायच्या आधी माणसाला त्याच्यासमोर आडवं करण्यावर.

देवीदास त्यांच्या वर्गातला. त्याचं जवळच्या बीबी गावात बियाणं आणि पिकांच्या औषधांचं दुकान होतं. बीटी कापसाची पाकिटं त्यानं चढत्या काळात गाडीनं विकली, त्यावर घर बांधलं आणि तालुक्याच्या व्यापारी मंडळाचा अध्यक्ष झाला. माणूस वाईट नव्हता. एवढंच की छापील मजकुरावर त्याची फार श्रद्धा होती. मग बोंडअळीचं वर्ष आलं. पाकिटावर अळीपासून संरक्षण छापलेलं होतं आणि बोंडात गुलाबी अळी बसलेली होती. लोक पिशव्या भरभरून किडकी बोंडं आणून देवीदासच्या काउंटरवर ओतू लागले.

त्याच दिवसांत तो एकदा आपांकडे आला. मी रक्तदाब तपासून घ्यायला वर बसलो होतो. आपा कठड्याशी होत्या. खालून देवीदासची चाहूल आली, वळणापर्यंत आली आणि थांबली.

"देवीदास, कोणता महिना वाचून राह्यला बे?"

"काही नाई, आपा. बैल पाह्यतो. चांगले हायेत बैल."

"ते बैल कवाचे मेले. वर ये, दमानं."

वर आल्यावर त्यानं मूठ ठेवली. चढावर दुखतं, बसलं की थांबतं, जेवून चाललं की लवकर दुखतं. आपांनी ईसीजीची पट्टी काढली, गोळ्या दिल्या, एक गोळी जिभेखाली ठेवायला वेगळी दिली, आणि सांगितलं की शहरात जाऊन हृदयाच्या नळ्यांचा सीटी स्कॅन कर, नाही तर निदान ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालून तपासून घे. "जातो ना," तो म्हणाला. "हा बोंडांचा गोंधळ निपटला का जातो."

जाण्याआधी शहरच त्याच्याकडे आलं.

जिल्ह्यावर असं काही वर्ष ओढवलं की आमच्याकडे शिबिरं होतात. पीक गेलं, तर हृदय तपासून मिळतं. व्यापारी मंडळ आणि शहरातलं एक मोठं हॉस्पिटल यांनी मिळून मेहकरात मोफत हृदयरोग तपासणी शिबिर ठेवलं. मंडप कापडी, खुर्च्या गुबगुबीत, आणि बॅनरवर हृदयाचं चित्र एका कोपऱ्यात, कारण मधली जागा मान्यवरांच्या चेहऱ्यांनी घेतली होती. उद्घाटन दीपप्रज्वलनानं करणं जुनाट वाटलं म्हणून कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, अध्यक्षांची पहिली इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून उद्घाटन करू. देवीदासला शर्ट काढून मंचावरच्या पलंगावर निजवलं. पडदा अर्धाच ओढला, फोटोग्राफरची सोय म्हणून. इकोच्या यंत्राला माइक लावला आणि देवीदासच्या काळजाचा फसफस आवाज सगळ्या मंडपाला ऐकवला. पुढच्या रांगेतल्या एका पुढाऱ्यानं मान डोलावून दाद दिली.

"अध्यक्षांचं हृदय एकदम तंदुरुस्त," निवेदकानं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ, आणि फ्रेम केलेला रिपोर्ट त्याच्या हातात दिला. फ्रेम आधीच आणून ठेवली होती. निकाल वेगळा लागला असता तर ती कुणाला दिली असती, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

आपा मंडपात आल्या नव्हत्या. त्यांना हे मी जाऊन सांगितलं. त्यांनी दाणे टेबलावर ठेवले.

"निजवून पाह्यलं?"

"हो."

"सर, निजलेल्या बैलाले पाहून कोणी सांगते का, हा चढावर गाडी ओढते का नाई? इको खोटं नाई बोलली. हृदय दाबते कसं, झडपा कशा, हे तिनं सांगितलं. बरोबरच सांगितलं असंल. नळी अरुंद हाय का, हे तिले कोणी विचारलंच नाई, अन् निजलेल्या माणसावर तिले ते दिसतबी नाई बहुतेक. आता तो गोळ्या बंद करते पाहा."

त्यानं त्या केल्याच होत्या. तंदुरुस्त माणूस गोळ्या कशाला खाईल?

त्याच शिबिरानं सुमनबाईला आजारी करून सोडलं. ही कापूस वेचणारी बाई, शेजारच्या गावची. पट्टीत काहीतरी किंचित वेगळं दिसलं म्हणून हॉस्पिटलच्या गाडीनं तिला शहरात नेलं, शिरेतून किरण टाकणारं औषध सोडून हृदयाचं चित्र काढलं आणि सांगितलं की समोरच्या भागाला रक्त कमी पडतंय, ताबडतोब अँजिओग्राफी करा, काय होईल सांगता येत नाही. ते शेवटचं वाक्य घेऊन ती घरी आली आणि अंथरुणाला खिळली. वेचणी बंद, पाणी भरणं बंद. नवरा तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागला, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंच तिचा निम्मा जीव गेला.

तो तिला आपांकडे घेऊन आला तेव्हा बाई नवऱ्याला रागावत रागावत, कॅलेंडरकडे ढुंकूनही न बघता, एका दमात वर आली. आपा वरून बघत होत्या, मीही तिथेच बसलो होतो. "कुठी दुखते?" बाईनं डाव्या बरगडीवर बोट ठेवलं. आपांनी तिथं दाबलं तर ती कळवळली. ओझं त्याच खांद्यावरून वाहत होती. मग आपांनी ते चित्र उजेडात धरलं, आणि त्यांचा जो चेहरा झाला तो मी पुढे बऱ्याचदा आठवला आहे.

"बाई, ही सावली तुह्या काळजाची नाई. तुह्या छातीची हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे बाईले थानं असतात, त्याच्यातून किरण कमी बाहेर येतात, अन् चित्रात काळं पडते. तिथं बसलेल्या शहान्यानं चित्र पाह्यलं, बाई नाई पाह्यली."

सुमनबाईनं पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आइकलं का? यासाठी मले महिनाभर निजवलं तुमी."

आपा हसल्या नाहीत. अंदाजावर सोडून दिलं असंही नाही. ओळखीच्या डॉक्टरकडे सरकारी दवाखान्यात पाठवून, निजायची पद्धत बदलून पुन्हा चित्र काढायला लावलं. सावली जागेवर नव्हती. बाई वेचणीला गेली.

त्या दिवशी आपा माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. त्यांच्या वडिलांची पऱ्हाटी असायची, कापूस त्यांना घरचा.

"सर, ज्या वावरात अळी नाहीच, तिथं बोंडाले भोक दिसलं तर ते बहुतेक दुसऱ्याच कशाचं असते. अन् ज्या वावरात अळी शिरली हाय, तिथं साफ बोंडावरबी भरवसा नाई ठेवा लागत. बोंड तेच, डोळा तोच. वावर कोणतं हाय ते आधी पाहा लागते. हे माह्या बापाले कळे. ज्याले दुखत नाई त्याले मशीनीनं भेवाडलं, ज्याले दुखते त्याले मशीनीनं निजवलं. वावर कोणी पाह्यलंच नाई."

इतकी स्पष्ट गोष्ट मी मंडपात कुठल्याही मान्यवराच्या तोंडून ऐकली नव्हती. आणि ती सांगणारी बाई रागावलेली होती, कारण तिला ठाऊक होतं की सुमनबाईची चूक दुरुस्त करता येते. देवीदासची चूक एकदाच कळते.

"उद्या बीबीचा बाजार. चलता का?" त्यांनी विचारलं. दवाखाना बंद ठेवून आपा बाजाराला निघाल्याचं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

दुकानात माणसं दाटली होती. काउंटरवर बोंडांचा ढीग, आणि त्यामागे गल्ल्याच्या वर ती फ्रेम. एक म्हातारा शेतकरी पाकीट पुढे धरून उभा होता.

"शेठ, याच्यावर काय लिव्हलं ते वाचून दाखवा एकडाव."

"काका, टेस्ट करूनच सोडते कंपनी. तुमचं फवारणीत चुकलं असंल."

"फवारनीत? मंग औषध कोनी देल्लं?"

देवीदासच्या कपाळावर घाम होता. आपा पुढे झाल्या.

"देवीदास, गाडी काढ. शहरात तुह्या नावाचा नंबर लावला हाय."

"आपा, तू काऊन आली एवढ्या दूर? रिपोर्ट पाह्य ना वर. नॉर्मल."

"पाह्यला. तो निजलेल्या देवीदासचा हाय. चालनाऱ्या देवीदासचा कुठी हाय?"

दोघंतिघं हसले. आपांनी ढिगातलं एक हिरवं, गुळगुळीत बोंड उचललं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"याच्यात अळी हाय?"

"वरून कसं सांगू? फोडा लागते."

"मंग?"

देवीदासनं बोंडाकडे बघितलं, फ्रेमकडे बघितलं आणि मग समोरच्या माणसांकडे. त्याला कळलं होतं. मी त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होतो, त्यामुळे हे मी शपथेवर सांगू शकतो. तो काउंटरवर वाकला आणि फक्त आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला,

"आपा, तपासलेल्या कागदाले आज मी चूक म्हनलं, तर हे लोक ते पाकीट माह्या तोंडात कोंबतील."

"कोंबू दे. जित्ता तर राह्यशील."

त्यानं मान ताठ केली. "टेस्टवर भरवसा ठेवा लागते," तो मोठ्यानं म्हणाला. आपांना नाही, गिऱ्हाइकांना. "टेस्ट केलेली चीज हाय ही."

आपांनी ते बोंड काउंटरच्या कडेवर आपटून फोडलं. आत गुलाबी अळी होती. त्यांनी ते तसंच त्याच्यासमोर ठेवलं, जिभेखालच्या गोळ्यांची एक डबी त्याच्या खिशात कोंबली आणि बाहेर पडल्या.

देवीदास दिवाळीच्या आधी गेला. बीबीच्या स्टँडवरून दुकानाकडे चालत येताना एका बंद दुकानासमोर तो थांबला आणि पाटीकडे बघत उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, पाटी वाचतोय. वाचणाऱ्या माणसाला कोण हटकतं? तो खाली बसला तेव्हा लोक धावले. शर्ट दुसरा होता, डबी घरी टांगलेल्या शर्टात निघाली.

शोकसभेत एकामागून एक वक्ते उठले आणि प्रत्येकानं सांगितलं की रिपोर्ट तर नॉर्मल होता. हे वाक्य ते अशा सुरात म्हणत होते, की जणू देवीदासनंच कागदाचा विश्वासघात केला. यमापुढे विज्ञानही हतबल, असं एक डॉक्टरसाहेब म्हणाले. हे तेच होते, ज्यांनी मंचावर यंत्र फिरवलं होतं. विज्ञानाला त्या दिवशी मंडपात कुणी बोलावलेलंच नव्हतं, हे तिथे उठून सांगावंसं मला फार वाटलं. दुकानात त्याच्या फोटोला हार घातला होता. शेजारी फ्रेम तशीच होती. तिला हार घालायचं तेवढं राहिलं होतं. ठराव एकमतानं झाला: देवीदासच्या स्मरणार्थ दर वर्षी मोफत हृदयरोग तपासणी शिबिर. तेच हॉस्पिटल, तेच यंत्र.

शिबिराचं निमंत्रण आलं, त्यात प्रमुख पाहुण्यांच्या यादीत आपांचं नाव होतं. वर्गमैत्रीण म्हणून. त्या येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो.

शिबिर शाळेत होतं. मंच पटांगणात, यंत्र तळमजल्यावरच्या वर्गात. भाषणं सुरू झाली आणि मंचावरची एक खुर्ची रिकामी राहिली. मी शोधायला निघालो. आपा शाळेच्या जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या आणि इकोची सगळी रांग त्यांच्यासमोर होती.

"वर जाऊन या, भाऊ. मंग तिकडं निजा."

"वर काय हाय, आपा?"

"काही नाई. जाऊन या."

मंडळाचा एक पदाधिकारी धावत आला. त्याच्या छातीवर एवढा मोठा बिल्ला होता. "आपा, तुमची खुर्ची तिकडं हाय. लाइन मोडून राह्यली इथं."

"लाइन मोडली नाई, सरळ केली. तुमीबी जा वर. बिल्ला काढून जा, जड हाय."

रांगेत हशा पिकला. तो वर गेला नाही. परत मंचावर गेला आणि माइकवरून सांगितलं की आपा इथेच आहेत, थोड्याच वेळात मंचावर येतील.

त्यानंतर वर्षभरातच माझी बदली झाली आणि आपा गेल्याचं मला परगावी कळलं. म्हणून त्या दिवसाचंच दृश्य माझ्याजवळ राहिलं आहे. जिन्याच्या वळणावर, शाळेच्या भिंतीवर, ते बैलजोडीचं कॅलेंडर खिळ्याला टांगलेलं होतं. दवाखान्यातून त्यांनी ते सोबत आणलं होतं. माणसं चढत होती, उतरत होती, आपा एकेकाला यंत्राकडे पाठवत होत्या. मग धोतर नेसलेला एक उंच माणूस चढू लागला. वळणावर पोचला. थांबला. हात मागे बांधून कॅलेंडर वाचू लागला.

बाहेर माइकवर टाळ्या वाजल्या. आपांनी मुठीतले दाणे माझ्या हातात दिले, पदर खोचला, आणि त्या वयात, एकेक पायरी करत, स्वतः तो जिना चढून त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"कोणता महिना वाचता, भाऊ?" त्यांनी विचारलं.

त्याची मूठ हळूहळू छातीकडे गेली.